कॉलवर टेक्निकल शब्द परत परत सांगावे लागतात. उच्चार नेमके कुठून सुधारायचे?

ऐरोली_बॅकएंड

काम जावा-स्प्रिंगवर, ऑफिस ऐरोलीत. रोज संध्याकाळी साडेसातला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या टीमबरोबर स्टँडअप (कामाच्या आढाव्याची छोटी मीटिंग) असतो. लिहिण्यात अडचण नाही, डिझाईन डॉक्युमेंट एका फटक्यात मंजूर होतं. बोलताना मात्र ठरावीक शब्दांवर समोरून ‘सॉरी?’ येतं: पॅरामीटर, कंपोनंट, रिपॉझिटरी, एक्झिक्युटर. ‘लॉग फाईल’ म्हटलं की त्यांना ‘लॉक फाईल’ ऐकू येतं आणि ‘कनेक्शन पूल’चं कॉलच्या लाइव्ह कॅप्शनमध्ये ‘बूल’ होतं.

अमेरिकन ॲक्सेंट मला नकोय, पहिल्यांदा सांगितलेलं कळलं की पुरे. यात काही नियम आहेत की एकेक शब्द पाठच करायचा? ठाणे ते ऐरोली ट्रेनमधला वेळ आणि घरी दहा-पंधरा मिनिटं, एवढंच रोज देता येईल. आणि हो, डेटाबेसच्या भाषेला एसक्यूएल म्हणायचं की सीक्वेल? ऑफिसात यावरून दोन तट आहेत.

कोपरखैरणे_ध्वनी

तुमच्या यादीतल्या पहिल्या चार शब्दांचं दुखणं एक आणि शेवटच्या दोघांचं वेगळं. मी पहिल्या चारांबद्दल लिहितो.

ते दुखणं म्हणजे जोर. मराठीत शब्दातल्या कुठल्याही अक्षरावर जोर दिला तरी अर्थ बदलत नाही, म्हणून आपण इंग्रजी शब्दही सगळी अक्षरं सारख्या वजनानं म्हणतो किंवा सवयीनं पहिल्यावर जोर देतो. इंग्रजी कान शब्द शोधायला सुरुवात करतो तो जोराच्या अक्षरापासून. तो चुकला तर बाकीचे वर्ण बरोबर असूनही शब्द सापडत नाही. जोराचं अक्षर लांब, जरा उंच आणि स्पष्ट असतं. बाकीच्यांतले बरेचसे स्वर ‘अ’ किंवा आखूड ‘इ’पर्यंत विरघळतात. हे विरघळणंही तितकंच महत्त्वाचं.

खाली ' ही खूण जोराच्या अक्षराच्या आधी आहे. इंग्रजी शब्दकोशातही ती आधीच असते. बरेच जण ती नंतरच्या बाजूनं वाचतात आणि तिथेच घोळ होतो.

पॅरामीटर: प-'रॅ-मि-टर. ‘मीटर’ विसरा, शेवट ‘मिटर’ असा आखूड.
कंपोनंट: कम-'पो-नंट.
रिपॉझिटरी: रि-'पॉ-झि-टो-री.
डेव्हलपर: डि-'व्हे-ल-पर. रोजचाच शब्द, आणि सगळ्यात जास्त चुकणारा.
डिटरमाईन: असा शब्दच नाही. डि-'टर-मिन.
आयडेंटिफायर: आय-'डेन-टि-फा-यर.
इव्हेंट: इ-'व्हेंट, ‘ई’वर जोर नाही.
एक्झिक्युट आणि एक्झिक्युटर: क्रियापद 'एक-सि-क्यूट, पण जावातला तो इंटरफेस इग-'झे-क्यु-टर. जोर सरकला की ‘क्स’चा ‘ग्झ’ होतो.

आता नियम. हे चार लक्षात ठेवलेत तर निम्म्याहून अधिक शब्द कोशात बघावेच लागणार नाहीत.

‘शन’, ‘इक’, ‘इटी’ या शेपटांच्या लगेच आधीच्या अक्षरावर जोर. ऑ-थेन-टि-'के-शन, कन-फि-ग्य-'रे-शन, डाय-'नॅ-मिक, ज-'ने-रिक, स्के-ल-'बि-लि-टी. शेपूट बदललं की जोर उडी मारतो: 'ॲ-न-लाईझ, अ-'नॅ-लि-सिस, ॲ-न-'लि-टिक्स. अपवाद म्हणून नाम असलेलं ‘अरिथमेटिक’ ठेवा, ते अ-'रिथ-म-टिक.

शेवटी ‘एट’ असलेल्या लांब क्रियापदांत जोर शेवटून तिसऱ्या अक्षरावर. 'व्हॅ-लि-डेट, ऑ-'थेन-टि-केट, इन-'स्टॅन-शि-एट. याच नियमानं 'डे-प्रि-केट म्हणजे एपीआय मोडीत काढणं आणि डि-'प्री-शि-एट म्हणजे हिशेबातला घसारा. एपीआय ‘डेप्रिशिएटेड’ झाल्याचं रिव्ह्यूमध्ये इतक्यांदा ऐकू येतं की आता कुणी हसतही नाही.

तोच शब्द नाम किंवा विशेषण झाला की ‘एट’चा ‘अट’ होतो. एस्टिमेट करायचं, पण द्यायचा तो ‘एस्टिमट’. डुप्लिकेट, ॲग्रिगेट, डेलिगेट, सेपरेट, सगळ्यांना हेच लागू. सर्टिफिकेट तर नामच, म्हणून सर-'टि-फि-कट.

दोन अक्षरांच्या जोड्यांत बहुधा नामाचा जोर पुढे, क्रियापदाचा मागे: 'इम्पोर्ट आणि इम-'पोर्ट, 'रेकॉर्ड आणि रि-'कॉर्ड, 'ऑब्जेक्ट आणि ऑब-'जेक्ट. जोडशब्दांतही तसंच. 'बॅकअप ही वस्तू, बॅक 'अप ही क्रिया. 'रोलबॅक, 'लॉगिन, 'सेटअप यांचंही तेच. ‘पुल रिक्वेस्ट’, ‘लोड बॅलन्सर’, ‘युनिट टेस्ट’ यांत जोर पहिल्या शब्दावर. आपण तो दुसऱ्यावर देतो आणि वाक्य तिथे लंगडतं.

राहिली एक गंमत. आपली देवनागरीच काही शब्दांत आपल्याला फसवते. पॅकेज, मेसेज, इमेज, स्टोरेज असं आपण लिहितो, म्हणून ‘एज’ ठासून म्हणतो. तिथे ‘इज’ आहे: पॅकिज, मेसिज, इमिज, स्टोरिज. ‘व्हेरिएबल’मधलं ‘एबल’ही ‘अबल’ आहे: 'व्हे-रि-अ-बल, 'स्के-ल-बल, इ-'म्यू-ट-बल. ‘इनेबल’ आणि ‘डिसेबल’मध्ये मात्र खरंच ‘एबल’, कारण जोरच तिथे पडतो.

घणसोली_क्यूए

वरचं सगळं बरोबर. लॉग-लॉक आणि पूल-बूल माझ्याकडे.

इंग्रजीत शब्दाच्या किंवा जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला प, ट, क आले की त्यांच्याबरोबर हवेचा झोत सुटतो. आपण ते कोरडे म्हणतो. अमेरिकन कानाला कोरडा प म्हणजे जवळजवळ ब, कोरडा ट म्हणजे ड, कोरडा क म्हणजे ग. म्हणून पूलचं बूल, टॅगचं डॅग, कॅपचं गॅप. मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही, ख आणि ठ आपल्याकडे आहेतच. ‘कॅश’ म्हणताना ‘खॅश’कडे झुका, ‘टेबल’ म्हणताना ‘ठेबल’कडे. फक्त प-बाबतीत सावध राहा, कारण आपला फ बहुतेकांच्या तोंडी ओठ-दातांचा झालाय. इथे दोन्ही ओठ मिटून सोडायचेत.

तपासायला टिश्यूची पट्टी ओठांपासून चार बोटांवर धरा. ‘पूल’, ‘पोर्ट’, ‘पुश’ म्हणताना ती हलली पाहिजे, ‘बूल’ म्हणताना जवळपास नाही. स नंतर मात्र झोत नसतो: ‘स्पूल’, ‘स्टॅक’, ‘स्कीमा’ आपण जसे म्हणतो तसेच ठीक आहेत, ते बिघडवू नका.

लॉग आणि लॉकचं कारण अगदी वेगळं. शेवटचा ग आणि क इंग्रजीत नीट फुटतच नाहीत, ऐकणारा त्यांच्या आधीच्या स्वराची लांबी बघतो. ग, ड, ब च्या आधी स्वर लांब, क, ट, प च्या आधी आखूड. लॉऽऽग फाईल, लॉक फाईल. नोऽऽड, नोट. कोऽऽड, कोट. टॅऽऽग, टॅक. आपण दोन्हीकडे स्वर सारखाच ठेवतो आणि फरक शेवटच्या वर्णावर सोडतो, जो कॉलच्या आवाजात आधी हरवतो. स्वर दीडपट ताणा, काम झालं.

स आणि झ. ‘रिलीज’ असं आपण लिहितो म्हणून सगळे ‘रिलीझ’ म्हणतात. खरा उच्चार रि-'लीस. इनक्रीस, डिक्रीस, डेटाबेस, रिस्पॉन्स, यांतही स. ‘यूज’ नाम असेल तर ‘यूस’ (‘यूस केस’), क्रियापद असेल तर ‘यूझ’. ‘लूस कपलिंग’ म्हणजे सैल. ‘लूझ’ म्हटलंत तर काहीतरी गमावलंत. ‘पार्स’ अमेरिकेत स-नं, ब्रिटनमध्ये झ-नं, दोन्ही चालतात.

आणि भूतकाळ! स्टँडअपमध्ये याच्याइतकं महागात पडणारं काही नाही. ‘आय डिप्लॉय इट’ आणि ‘आय डिप्लॉइड इट’ यांत एका ड चा फरक, आणि त्यावरून समोरचा ठरवतो की बिल्ड वर गेला की जायचाय. ट किंवा ड ने संपणाऱ्या क्रियापदाला ‘इड’ लागतं: टेस्टिड, ॲडिड. क, प, स, श, च, फ नंतर नुसता ट: पुश्ट, फेच्ट, फिक्स्ट, चेक्ट. बाकी सगळ्यांना ड: मर्ज्ड, क्लोन्ड, डिप्लॉइड. ‘फिक्स्ट’ जिभेवर येत नसेल तर पुढच्या शब्दाचा स्वर जोडून घ्या: ‘फिक्स-टिट’, म्हणजे ‘फिक्स्ड इट’. जोडून बोलणं सोपंही जातं आणि ऐकायलाही बरोबर लागतं.

वागळे_डेव्हऑप्स

एसक्यूएलचा वाद मिटवून टाकतो, म्हणजे कामाचं बोलता येईल. आयबीएममध्ये १९७० च्या दशकात भाषेचं नाव सीक्वेलच होतं, ट्रेडमार्कच्या अडचणीमुळे ते आखडून एसक्यूएल झालं. म्हणून दोन्ही तट बरोबर. मायएसक्यूएलची मॅन्युअल सांगते की अधिकृत उच्चार ‘माय-एस-क्यू-एल’, पण ‘माय सीक्वेल’ म्हटलंत तरी आमची हरकत नाही. पोस्टग्रेएसक्यूएल (PostgreSQL) मात्र ‘पोस्ट-ग्रेस-क्यू-एल’.

बाकीची सॉफ्टवेअरची नावं पटकन. एनजिनएक्स म्हणजे ‘इंजिन-एक्स’. जँगोतला ड मुका. व्ह्यू म्हणजे ‘पाहणे’वाला व्ह्यू. ‘वीट’ (Vite) हा फ्रेंच शब्द, ‘व्हाईट’ नव्हे, पण सुरुवात व्ह-ची. कुबरनेटीस, शेवट ‘टीझ’सारखा. जेसन (JSON) या डेटा फॉरमॅटबद्दल एक्मा ४०४ मानकात तळटीप आहे की उच्चार ‘जेसन’ असा; ज्यांनी फॉरमॅट लोकांपुढे आणला ते डग्लस क्रॉकफर्ड स्वतः याबाबत बेफिकीर. जिफ फॉरमॅट १९८७ चा, करणारे स्टीव्ह विल्हाईट शेवटपर्यंत ‘जिफ’ म्हणत आणि अर्धं जग ‘गिफ’ म्हणतं. कॅशला ‘कॅशे’ म्हणू नका, ‘क्यू’ला शेपूट जोडू नका, ‘टेक्निकल डेट’मधला ब गिळा, ‘आर्काइव्ह’मध्ये च नाही क आहे.

यातल्या एकाही नावामुळे प्रॉडक्शन कॉल अडल्याचं दिसत नाही. संदर्भावरून सगळ्यांना कळतं. अडतं ते चिन्हांवर, कमांड तोंडी सांगताना. आपण @ ला ‘ॲट द रेट’ म्हणतो. तिकडे नुसतं ‘ॲट’, आणि ‘रेट’ ऐकून ते खरंच आर-ए-टी-ई टाईप करतात. आपलं ‘ब्रॅकेट’ म्हणजे गोल कंस. अमेरिकेत ‘ब्रॅकेट’ म्हणजे चौकोनी. गोल असेल तर प-'रेन-थ-सिस, अनेकवचन ‘-सीझ’. महिरपी म्हणजे ‘ब्रेसेस’ किंवा ‘कर्ली’. ‘स्मॉल ए’ नाही, ‘लोअरकेस ए’. ‘इन्व्हर्टेड कॉमा’ नाही, ‘सिंगल कोट’, ‘डबल कोट’, आणि कळीचा तिसरा ‘बॅकटिक’. # ला तिकडचे जुने लोक ‘पाउंड’ म्हणतात, दचकू नका. ‘ॲस्ट्रिक्स’ हा गॉलमधला कॉमिकवाला; चिन्ह आहे ‘ॲस्टरिस्क’, नाहीतर सरळ ‘स्टार’ म्हणा.

कळवा_मॅनेजर

एवढा खटाटोप कशाला? सावकाश बोला, सगळं कळतं.

कोपरखैरणे_ध्वनी

नाही कळत. सावकाश बोलताना आपण प्रत्येक अक्षर सुटं करतो, म्हणजे पॅ... रा... मी... टर. जो थोडाफार जोर होता तोही सपाट होतो आणि ‘मी’ आणखी लांबतो. वेग तसाच ठेवून वाक्यांशांच्या मध्ये थांबा: ‘द रिट्राय लॉजिक / इन द पेमेंट सर्व्हिस / इज मर्ज्ड.’ तिरक्या रेघेवर अर्धा सेकंद. ऐकणाऱ्याला वेळ मिळतो तो तिथे, शब्दाच्या आत नव्हे.

ऐरोली_बॅकएंड

सर्वांचे आभार. दोन शंका. व आणि व्ह: मी ‘व्हर्जन’ व्ह-नंच म्हणतो, तरी कॅप्शनला कधी कधी डब्ल्यू ऐकू येतो. उलट ‘यूएस वेस्ट टू’ हा क्लाऊडचा रीजन ‘व्हेस्ट’ होतो. आणि थ्रेड, मेथड यांतला थ जीभ दातांत धरून घोकायचा का?

आणि रोजचा सराव कसा करावा ते कुणी सांगितलं नाही.

घणसोली_क्यूए

थ सोडून द्या. आपला थ आणि द दातांवरचा आहे, ‘थ्री’ आणि ‘ट्री’ आपण कधीच गल्लत करत नाही आणि समोरच्यालाही कळतात. कोचिंगवाले पहिल्या दिवशी हाच धरतात कारण तो आरशात दाखवता येतो. वेळ वाया.

व चं काम मात्र करा. मराठी व हा इंग्रजीच्या दोन्हींच्या मधला: ओठ दातांजवळ जातो, धड टेकत नाही. आणि लिहिताना आपण ‘व्ह’ लिहिलं म्हणून म्हणताना बरेच जण व ला ह जोडतात, त्यानं हवा सुटते पण घर्षण होत नाही. खरा इंग्रजी व्ह: वरचे दात खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर टेकवा आणि आवाज चालू ठेवा. तीन सेकंद तो गुणगुणता आला तर बरोबर, नाही आला तर तो व च आहे. डब्ल्यूला दात मध्ये येतच नाहीत. आधी ‘ऊ’चा चंबू, मग स्वर: ऊ-एस्ट, ऊ-अर्कर, ऊ-आईल लूप. जोड्या म्हणा: वेस्ट-व्हेस्ट, वाईल-व्हाईल, वर्स-व्हर्स, वॅन-व्हॅन.

याच्या शेजारचा एक ध्वनी ‘ॲझर’ क्लाऊडमध्ये आणि ‘डिव्हिजन’मध्ये येतो. तो ज नाही, झ नाही. ‘श’ म्हणत राहा आणि तोंड न हलवता घसा सुरू करा. बोट गळ्यावर ठेवलंत तर थरथर लागेल.

कोपरखैरणे_ध्वनी

सराव असा बसवा.

शब्द बाहेरून आणू नका. आपल्याच रेपोच्या (कोडसाठ्याच्या) रीडमीमधून आणि गेल्या पंधरवड्याच्या तिकिटांच्या (कामाच्या नोंदींच्या) शीर्षकांतून वीस शब्द काढा. केंब्रिज किंवा मेरियम-वेबस्टरच्या कोशात प्रत्येकाचा आवाज ऐका, जोराची खूण बघा आणि देवनागरीत लिहून घ्या. कोशात न सापडणाऱ्या शब्दांसाठी यूग्लिश: शब्द टाकला की तो ज्यात बोललाय असे व्हिडिओ नेमक्या जागी उघडतात, अमेरिकन-ब्रिटिश गाळणीही आहे. एका शब्दाचे तीन वेगवेगळे बोलणारे ऐका, एकावर विसंबू नका.

ट्रेनमध्ये फक्त ऐकायचं आणि ओठांनी, आवाज न करता म्हणायचं. ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत याहून जास्त होत नाही आणि याहून जास्त लागतही नाही. घरी मोबाईलवर एक मिनिटाचा स्टँडअप रेकॉर्ड करा, वीसपैकी सहा-सात शब्द वाक्यात यायला हवेत. ऐकताना फक्त एक गोष्ट तपासा: एका आठवड्यात जोर, दुसऱ्यात प-ट-क, तिसऱ्यात शेवटचे ड-ट. सगळं एकदम ऐकायला गेलात तर काहीच ऐकू येत नाही.

परीक्षेसाठी कीबोर्डचं डिक्टेशन वापरा, भाषा इंग्रजी (युनायटेड स्टेट्स) ठेवून. इंग्रजी (इंडिया) ठेवलंत तर ते तुमच्या सवयी ओळखून माफ करतं. आणि पूर्ण वाक्य सांगू नका: ‘कनेक्शन’ ऐकलं की यंत्र पुढचं ‘पूल’ अंदाजानं लिहितं, तुम्ही ‘बूल’ म्हटलंत तरी. सुटे शब्द जोड्यांनी सांगा, पूल-बूल, लॉग-लॉक, वेस्ट-व्हेस्ट, प्रत्येकी दहादा, क्रम उलटसुलट करून. दहात आठ बरोबर आले की ती जोडी बाजूला. कॉलच्या लाइव्ह कॅप्शनमध्येही बोलली जाणारी भाषा अशीच बदलता येते, पण क्लायंट कॉलमध्ये हा प्रयोग नको, सर्वांच्या स्क्रीनवर दिसेल.

वागळे_डेव्हऑप्स

आकडे राहिले. रात्रीच्या इन्सिडेंटमध्ये सगळ्यात जास्त तेच चुकतात.

पंधरा की पन्नास: ‘फिफ-टीन’मध्ये जोर मागे असतो, पण पुढे नाम आलं (‘फिफ्टीन मिनिट्स’) की तो पुढे सरकतो, म्हणून एकट्या जोरावर भरवसा नको. ‘टीन’चा ट झोतासकट म्हणा आणि शेवटचा न धरून ठेवा. अमेरिकन ‘थर्टी’, ‘फोर्टी’, ‘एटी’तला ट हलक्या ड सारखा असतो, हे ऐकतानाही उपयोगी. टाईमआऊट सांगताना मी तर सरळ जोडूनच सांगतो: ‘फिफ्टीन, वन-फाईव्ह’.

पोर्ट ८०८० ‘एटी-एटी’, ४४३ ‘फोर-फोर-थ्री’, एरर ५०२ ‘फाईव्ह-ओ-टू’. ‘डबल सेव्हन’ ब्रिटिशांना कळतं, अमेरिकनांना क्षणभर थांबवतं. लाख आणि कोटी बोलताना नकोतच: एक लाख रो म्हणजे ‘हंड्रेड थाउजंड’, एक कोटी ‘टेन मिलियन’. व्हर्जन २.१० असेल तर ‘टू पॉइंट टेन’ म्हणा. ‘टू पॉइंट वन झिरो’ म्हटलंत तर कुणीतरी २.१ च्या बिल्डवर परत जाईल.

अक्षरं सांगताना बी, डी, पी, टी, व्ही, झी सगळी फोनवर एकच ऐकू येतात. ‘बी फॉर बॉम्बे’ इथे चालतं. तिकडे ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो, व्हिक्टर हे विमानवाल्यांचे शब्द वापरा, निदान या पाचांपुरते तरी पाठ करा. कमिट हॅश (कोडमधल्या बदलाचा ओळख-क्रमांक) सांगताना तर फक्त ए ते एफ आणि दहा आकडेच लागतात: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट. पहिली सात चिन्हं सांगा, बाकीची चॅटमध्ये पेस्ट करा.